जुनी कार्डे आणि नवे पूल

सातपूरला किंवा अंबडला एखाद्या लहानशा गाळ्यात आपण गेलात, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तेथली कित्येक यंत्रे वीस-पंचवीस वर्षांची असतात आणि तरी कामाला खंबीर असतात. लेथचा बेड झिजला तर तो पुन्हा घासून सरळ करता येतो, बेअरिंग नवे बसवता येते, मोटार जळाली तर वाइंडिंग करून मिळते. लोखंडाला दुरुस्तीची सवय आहे. परंतु त्याच यंत्राच्या शेजारी, तेलाच्या वाफेने काळवंडलेल्या पेटीत जो संगणक बसलेला असतो, त्याचे तसे नाही. यंत्र म्हातारे होते, संगणक मात्र एके दिवशी एकदम मरतो.

उदाहरणादाखल एक गाळा डोळ्यांपुढे आणा. मालक आणि दोन-तीन कामगार. स्प्रिंगा बनवायच्या आणि प्रत्येक स्प्रिंग किती दाबाला किती दबते हे तपासून द्यायचे, हा धंदा. तपासणीच्या यंत्राला एक जुना संगणक जोडलेला आहे आणि त्या संगणकात एक लांबलचक कार्ड आहे. यंत्राकडून येणारा विजेचा दाब मोजून त्याचा आकडा करणे, हे त्या कार्डाचे काम. एका सकाळी संगणक सुरूच होत नाही. यंत्र ठीक, कार्ड ठीक, बिघडला आहे तो मदरबोर्ड. ज्याने यंत्र विकले तो विक्रेता म्हणतो, “हे मॉडेल बंद झालं, नवीन यंत्र घ्या.” नव्याची किंमत काही लाखांत. आणि गिऱ्हाईक तर तपासणीच्या कागदाशिवाय माल उचलायला तयार नाही. एका मदरबोर्डापायी असा सारा धंदा अडून बसतो. अशा वेळी काय करता येते, आणि काय करता येत नाही, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या मुख्य बोर्डावर लांबट खाचा असतात, त्यांना आपण स्लॉट म्हणतो. त्या खाचेत कार्ड उभे बसते. सगळ्या स्लॉटांना जोडणारी तारांची जी सामाईक वाट, तिला ‘बस’ असे नाव आहे. ही आपली एसटीची बस नव्हे, पण कल्पना फारशी वेगळी नाही. एकच गाडी, प्रवासी अनेक, आणि प्रत्येकाला आपापल्या थांब्यावर उतरायचे.

आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला पी.सी. काढला, तेव्हा त्यात ८ बिटांची बस होती. १९८४ साली ए.टी. हे मॉडेल आले आणि त्याच खाचेला पुढे जोड देऊन ती १६ बिटांची झाली. पुढे हिलाच आयएसए हे नाव पडले, बोलताना आपण तिला ‘आयसा’ म्हणतो. तिचा वेग सुमारे ८ मेगाहर्ट्‌झ. आजच्या मानाने बैलगाडीच म्हणायची. परंतु बैलगाडीसारखीच ती साधी, आणि कोणालाही दुरुस्त करता येण्याजोगी. म्हणूनच मापन, नियंत्रण, ध्वनी, छपाई अशा शेकडो कामांची कार्डे तिच्यासाठी निघाली. १९९२ साली इंटेलने पीसीआय ही नवी बस आणली. ती ३२ बिटांची, ३३ मेगाहर्ट्‌झची. १९९९ च्या सुमारास इंटेलने आपल्या नव्या चिपसेटांतून आयसाला निरोप दिला. २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस आली आणि २०११ नंतर हळूहळू साधी पीसीआयसुद्धा चिपसेटांतून गेली.

आता आपण म्हणाल, खाच बदलली तर खाचेला खाच जोडणारी एखादी पट्टी मिळत नाही काय? पाण्याच्या पाइपाला रिड्यूसर बसवतो तसा? येथेच बहुतेकांची फसगत होते. बदललेली आहे ती केवळ खाच नव्हे, दोन्ही बाजूंची भाषाच बदललेली आहे. म्हणून पट्टी पुरत नाही, दुभाषा लागतो. या दुभाष्या चिपला ‘ब्रिज’, म्हणजे पूल, म्हणतात.

नाशिककरांना पुलाचे महत्त्व निराळे सांगायला नको. गोदावरीच्या एका तीरावर पंचवटी, दुसऱ्या तीरावर जुने नाशिक. पूल नुसती वाट देतो. आपला हा पूल मात्र वाट देता देता आणखी चार कामे करतो, आणि या चार कामांतले एखादे जरी नीट झाले नाही, तरी कार्ड चालत नाही.

पहिले काम विजेचे. आयसा स्लॉटमध्ये अधिक ५, उणे ५, अधिक १२ आणि उणे १२ असे चारही दाब मिळत. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट एवढेच मिळतात. जुन्या पीसीआय कार्डाला लागणारे ५ व्होल्ट तेथे नाहीत, मापनाच्या कार्डाला लागणारे उणे १२ नाहीत. उणे ५ व्होल्ट तर नव्या पॉवर सप्लायमधूनही गेले आहेत. तेव्हा पुलाचे कार्ड विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे दाब त्यावर तयार होतात काय, की त्यासाठी वेगळी तार जोडावी लागते? पुष्कळ वेळा कार्ड मेले असे वाटते, आणि ते फक्त उपाशी असते.

दुसरे काम पत्त्यांचे. जुन्या कार्डाला एक ठरावीक घरक्रमांक असे. कार्डावरचे जंपर लावून तो ठरवीत. मापनाच्या कार्डांना बहुधा हेक्स ३०० किंवा त्याच्या आसपासचा क्रमांक असे. ध्वनीच्या कार्डाला २२० असे. जुना प्रोग्राम थेट त्या क्रमांकाच्या दारावर थाप मारतो. नव्या पद्धतीत मात्र घरक्रमांक यंत्र सुरू होताना वाटले जातात, आणि पुलाच्या पलीकडे कोणते क्रमांक आहेत हे पुलाला आधी सांगून ठेवावे लागते.

येथे एक अडचण आहे, ती नीट समजून घेण्याजोगी आहे. पीसीआयच्या पुलाची खिडकी उघडते ती ४०९६ क्रमांकांच्या ठोक मापाने. आणि आपले जुने कार्ड राहते पहिल्या १०२४ क्रमांकांत, जेथे मदरबोर्डाची स्वतःची माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. ती सगळी गल्ली पुलापलीकडे पाठवावी, तर घड्याळ आणि कीबोर्डही पलीकडे जायचे! यावर जुना तोडगा असा, की पुलाने ‘उरलेले सर्व माझे’ म्हणावे. पोस्टमन पत्र घेऊन गल्लीतून फिरतो. कोणीच हात पुढे केला नाही, तर शेवटच्या घरचा मनुष्य ते पत्र घेतो. पीसीआयवरून आयसाकडे जाणारे आयटीई ८८८८ सारखे पूल अशा रीतीने काम करू शकतात. परंतु पीसीआय एक्स्प्रेसवरून पीसीआयकडे जाणारे जे पूल आहेत, उदाहरणार्थ पीएलएक्स ८११२ किंवा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा एक्सआयओ २००१, त्यांचा भर दिलेल्या खिडकीवर असतो. म्हणून एकापुढे एक दोन पूल बांधून नव्या संगणकावर आयसा कार्ड चालवू म्हटले, तर गाडी बहुधा पहिल्याच पुलावर अडते.

तिसरे काम हाक मारण्याचे. कार्डाला काही सांगायचे असले, की ते प्रोसेसरला हाक मारते. हिला इंटरप्ट म्हणतात. आयसाचे कार्ड दारावरची घंटा एकदा वाजवते आणि गप्प बसते. पीसीआयचे कार्ड हात वर करून उभे राहते, आणि काम होईपर्यंत हात खाली घेत नाही. म्हणून पीसीआयमध्ये एकाच तारेवर चार जणांना हात वर करता येतो. आयसामध्ये दोघांनी एकच घंटा घेतली, तर एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडण्याची भीती असते. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर तारच उरली नाही. तेथे ‘हात वर झाला’ आणि ‘हात खाली आला’ असे दोन निरोप पाठवतात. पुलाने दुसरा निरोप पाठवलाच नाही, तर प्रोसेसर बिचारा पुन्हा पुन्हा दाराशी जाऊन पाहतो, कोणी नाही असे बघतो, आणि शेवटी ती हाक ऐकायचेच सोडून देतो. कार्ड दोन तास बरे चालते आणि मग अचानक मुके होते, अशी तक्रार असेल, तर संशय येथे घ्यावा.

चौथे काम हमालीचे. काही कार्डे माल स्वतः उचलत नाहीत. मदरबोर्डावरच्या डी.एम.ए. नावाच्या हमालाला खूण करतात, आणि तो स्मृतीत माल नेऊन टाकतो. ही खूण करायच्या तारा आयसा स्लॉटमध्ये होत्या, पीसीआय स्लॉटमध्ये नाहीत. तेव्हा पुलाबरोबर चिपसेटचेही सहकार्य असल्याशिवाय हे काम होत नाही. पीसीआय स्लॉटमध्ये बसवण्याचे जे आयसा-पूल बाजारात येतात, त्यांतले पुष्कळ येथे हात टेकतात.

यावरून एक सोपा नियम हाती येतो. जे कार्ड फक्त घरक्रमांकावर बोलते, ते पुलावरून नेणे सर्वांत सोपे. जे हाकही मारते, ते त्याहून अवघड. ज्याला हमाल लागतो, ते सर्वांत अवघड. आपले कार्ड या तीन जातींपैकी कोणत्या जातीचे, हे त्याच्या जंपरांवरून आणि माहितीपुस्तकावरून समजते. हे समजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

आता वाटा कोणत्या ते पाहू. आपले कार्ड पीसीआयचे असेल, तर काळजीचे कारण थोडे. पीसीआय एक्स्प्रेसवरून पीसीआयकडे नेणारे पूल सहज मिळतात आणि बहुतेक कार्डे त्यावर चालतात. किंबहुना २०११ नंतरच्या ज्या मदरबोर्डांवर पीसीआयचा स्लॉट दिसतो, त्यांतल्या पुष्कळांवर तो स्लॉट अशाच पुलाच्या पलीकडे असतो. म्हणून एका बोर्डावर कार्ड चालले नाही, तरी दुसऱ्या पुलावर चालणार नाही असे समजू नये. कार्डाच्या खालच्या कडेची खाच मात्र पाहावी. ती ५ व्होल्टची, ३.३ व्होल्टची की दोन्हींची, हे खाचेच्या जागेवरून कळते. जबरदस्तीने कार्ड बसवू नये.

कार्ड आयसाचे असेल, तर तीन वाटा. पहिली, ज्या बोर्डावर पीसीआय मूळचीच आहे अशा बोर्डावर पीसीआय ते आयसा असा पूल. दुसरी वाट मोठी मौजेची आहे. आयसा स्लॉट गेला तरी आयसाचा आत्मा मदरबोर्डात बरीच वर्षे राहिला. इंटेलने १९९८ साली एल.पी.सी. नावाची थोड्या तारांची बस आणली. बायोस, कीबोर्ड, जुने पोर्ट यांच्यासाठी ती होती, आणि तिच्यात आयसाचे घरक्रमांक, आयसाची हाक आणि आयसाची हमाली हे तिन्ही शिल्लक होते. कित्येक बोर्डांवर सुरक्षेच्या चिपसाठी ठेवलेल्या लहानशा पिनांवर ही बस बाहेर आलेली असते. हौशी मंडळींनी अलीकडच्या वर्षांत फिनटेकची एफ ८५२२६ ही चिप तेथे जोडून पुरता आयसा स्लॉट उभा केला, आणि त्यावर जुनी ध्वनिकार्डेही वाजवून दाखवली. हमालीची तार मात्र त्या पिनांवर सहसा नसते, ती बोर्डावर शोधून सोल्डर करावी लागते. हे काम बारीक आहे. हात आणि भिंग दोन्ही चांगले हवेत. शिवाय नव्या बोर्डांतून एल.पी.सी.ही जात असून तिची जागा ईएसपीआय घेत आहे.

तिसरी वाट सर्वांत रुक्ष आणि कारखानदाराला सर्वांत सोयीची. औद्योगिक कामासाठी आयसा स्लॉट असलेले बोर्ड, आयसा बंद झाल्यावरही पुष्कळ वर्षे निघत राहिले. त्यांवर बनवणाऱ्यानेच पूल बसवून, तपासून दिलेला असतो. असे बोर्ड, किंवा शतकाच्या उंबरठ्यावरचे चांगले जुने बोर्ड, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे शोधले तर हाती लागतात. गाळा अडला असेल तर आधी हीच वाट धरावी.

यू.एस.बी.वरून आयसा कार्ड जोडायच्या पेट्यांविषयी विचारणा होते. संथ कामाला त्या बऱ्या. परंतु यू.एस.बी.वर प्रत्येक फेरीला वेळ लागतो, साध्या वेगात गाडी सुटते ती मिलिसेकंदाला एकदा. आयसावर एक वाचन मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर होई. जो प्रोग्राम सेकंदाला हजारो वेळा दारावर थाप मारतो, त्याला ही गाडी पुरणार नाही.

पूल उभा राहिला तरी जुना प्रोग्राम चालेलच असे नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक डॉसचे प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडतात. त्यांत वेळ मोजायची जी युक्ती होती, ती वेगापुढे शून्याने भागाकार करून बसते. यावर दुरुस्ती उपलब्ध आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचा प्रोग्राम चालतच नाही, आणि जुने ड्रायव्हरही नाहीत. नुसत्या यूईएफआय बोर्डावर डॉस सुरू होत नाही. तेव्हा कार्डाचा विचार करताना प्रोग्राम कोणत्या संगणकावर सुखाने राहील, हे त्याच बैठकीत ठरवावे.

श्रोतेहो, ही गोष्ट केवळ कारखान्यांची नाही. आपल्या मराठीचाही तिच्याशी संबंध आहे. डॉसच्या काळात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवायची म्हणजे यंत्रात एक कार्ड बसवावे लागे. त्याचे नाव जिस्ट कार्ड. आय.आय.टी. कानपूरला १९८० च्या दशकात या कामाचा पाया घातला गेला आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते कार्ड देशभर नेले. ते बसत असे आयसा स्लॉटमध्येच. त्यावर लिहिलेली मराठी अक्षरे ‘इस्की’ या संकेतात साठवली जात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली या संकेताला मानकाचे रूप दिले.

कोणाच्या कपाटात त्या काळच्या फ्लॉपी असतील, एखाद्या संस्थेची सभासदांची यादी असेल, एखाद्याचे हस्तलिखित असेल. ते वाचायला जिस्ट कार्डच हवे, असे वाटून लोक हताश होतात. येथे मात्र कार्डाचा पूल बांधायची गरज नाही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी मुळात इस्कीच्याच आधारावर झालेली आहे. फ्लॉपीवरचा मजकूर इस्कीत असेल आणि फ्लॉपी वाचता आली, तर तो युनिकोडमध्ये उतरवता येतो. पूल बांधायचा तो कार्डासाठी नव्हे, अक्षरांसाठी. मात्र फ्लॉपीवरचा चुंबकीय थर दरवर्षी म्हातारा होत आहे, आणि आपल्या दमट पावसाळ्यात त्याला बुरशीही लागते. हे काम उद्यावर टाकू नये.

कारखानदारालाही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो, की वाचवायचे काय? कार्ड, की कार्डाकडून होणारे काम? स्प्रिंग तपासण्याचे यंत्र नुसता दाब मोजत असेल, तर तोच दाब आजचे साधे मापन-उपकरण मोजू शकेल आणि नवा प्रोग्राम लिहून घेणे पुलाहून स्वस्तही पडेल. पण कार्ड जर यंत्राची मोटार चालवीत असेल, त्याचे गणित कार्डाच्या पोटातच असेल आणि ते सांगणारा कोणी उरला नसेल, तर कार्ड वाचवणे हाच शहाणपणा.

आणि येथे एक सूचना कळकळीने करायची आहे. जे कार्ड मोटार किंवा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह चालवते, ते नव्या पुलावर प्रथम चालवताना मोटारीची वीज काढून ठेवा. संगणक सुरू होत असताना कार्डाच्या टोकांवर काय येईल याचा भरवसा नसतो, आणि चुकीच्या क्षणी आलेला एक इशारा यंत्राचा घोडा कामगाराच्या हातावर आणू शकतो. प्रथम टेबलावर, मग मोटारीशिवाय, मग आणीबाणीच्या बटणावर हात ठेवून मंद वेगाने. ही बंद करायची कळ संगणकातून जाणारी नसावी, वीज सरळ तोडणारी असावी. लाखो रुपयांचे यंत्र वाचले आणि हात गेला, तर काय मिळवले?

शेवटी, ज्यांचा संगणक आज चालू आहे त्यांच्यासाठी चार शब्द. दुरुस्तीची उत्तम वेळ बिघाडाच्या आधीची असते. यंत्र बंद करून पेटी उघडा. कार्डावरच्या जंपरांची छायाचित्रे काढा, कोणती पट्टी कोठे जाते ते लिहून ठेवा. जुन्या बोर्डावर पिंपासारखी निळी किंवा हिरवी बॅटरी असेल, तर ती पाझरून तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. ती काढून दुसरी सोय करून घ्या. हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल करून ती दोन ठिकाणी ठेवा. प्रिंटरच्या पोर्टावर जो लहानसा डोंगल लावलेला असतो, तो निरुपयोगी समजून कोणी भंगारात टाकणार नाही, याची खबरदारी घ्या. त्याच्याशिवाय प्रोग्राम उघडतच नाही. आणि जमल्यास तसाच एक बोर्ड आत्ताच घेऊन, चालवून पाहून, कोरड्या जागी ठेवून द्या.

या सर्वाला लागतो तो एक रविवार आणि थोडे पैसे. न केल्यास, ज्या सोमवारी संगणक सुरू होणार नाही त्या सोमवारी, गाळ्यातल्या चार घरांचा रोजगार एका जंपरच्या जागेपाशी येऊन थांबेल, आणि ती जागा कोणाला आठवत नसेल.